बादबानाचा रकाना

आमचे नाकेदार दुपारी जेवायला घरी गेले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबत आणि अंगावर काय काय आहे ते मोठ्यानं सांगत. "एक पानाची चंची, एक चष्मा, किल्ल्यांचा जुडगा. बाकी काही न्हाई." आतून त्यांच्या बायकोचा आवाज येई, "चंची उघडून दावा." ते उघडून दाखवत. मग आतून "या" असा हुकूम सुटे, आणि सगळा घाट ज्याला टरकून असे तो माणूस मान खाली घालून ताटावर बसे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नवरा-बायको थट्टा करायलेत. थट्टा नव्हती. कैक वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात चूक साफ नाकेदारांची होती. पण ती सांगायची तर आधी नाका सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल काय येड्यांचा बाजार आहे. येड्यांचा होताच, पण त्याला नियम होते.

हा नाका करजगीच्या पुढं, भीमेच्या काठावर. नदीच्या अलीकडं आमचं हैदराबाद राज्य, पलीकडं मुंबई राज्य. निजामाचा अंमल संपला होता, झेंडा बदलला होता, शाळेतली पोरं नवी गाणी म्हणायला लागली होती. जकात तेवढी होती तिथंच बसून राहिली होती. एकाच देशात राहून आम्ही नदीकाठी परदेशाची वाट अडवत होतो. करोडगिरी म्हणजे निजामाच्या वेळची जकात, आणि लोक जुन्या सवयीनं आम्हाला करोडगिरीवाले म्हणत. नाव ऐकून वाटावं केवढा कारभार! खोली एक, ओटा एक, कपाट एक, चपराशी एक आणि कारकून मी. मी बिदरकडचा, कमठाण्याचा. बायको-लेकरं गावाकडं ठेवून तिशी उलटलेला माणूस त्या घाटावर येऊन पडलो, तेव्हा पहिल्याच दिवशी नाकेदारांनी मला ओट्यावर नेलं, पैल काठाकडं बोट केलं आणि म्हणाले, "कारकून, तो दुसरा मुलूख हाय."

मी पाहिलं. तिकडं एक बाई धुणं धुवत होती आणि आमच्या काठावरची एक बाई तिच्याशी बोंबलून भांडत होती. कानडीत सुरू झालेलं भांडण मराठीत आलं होतं. मी म्हणालो, मला तर एकच मुलूख दिसतोय. त्यावर ते रागावले नाहीत. "सरहद्द दिसत न्हाई म्हणून ती न्हाई असं समजू नका," म्हणाले. "देव तरी कुठं दिसतोय?"

दिसायला हडकुळे, उंच, नाकावर चष्मा. बारा महिने काळा लांब कोट आणि खाकी पायजमा. बोलणं कमी, पण वाकडं कधीच नाही. गावात एक म्हैस होती, तिला पैलकाठचं गवत आवडायचं. रोज सकाळी पोहत जायची, दिवस कलला की परत. दुसरा कुणी असता तर म्हशीकडं बघून न बघितल्यासारखं केलं असतं. आमच्या नाकेदारांनी तिचा नमुना भरला. प्रत्येक नावेमागं एक नमुना भरायचा असा नियम होता, आणि त्यात पहिला रकाना नाखुदाचा, म्हणजे नाव हाकणाऱ्याचा. तिथं त्यांनी लिहिलं, नदारद, म्हणजे कुणी नाही. मुसाफिर, नदारद. माल, म्हैस एक. मग तिच्या शिंगाला कायमचा परवाना बांधला. तो तिनं दुसऱ्या दिवशी खाल्ला, तर तिला ताकीद दिली.

आता खरी मेख ऐका. नाकेदारांची सासुरवाडी पैल काठावर होती! नदीपासून अर्धा कोस आत. तिथल्या देवळाजवळची चिंच आमच्या ओट्यावरून दिसायची. लग्न झालं ते नदीच्या अलीकडं, नाकेदारांच्या घरच्या अंगणात. तेव्हापासून जावई एकदाही त्या उंबऱ्याला गेला नव्हता. नोकरीत असताना लेखी परवानगीशिवाय सरहद्द ओलांडू नये असं कुठंतरी छापलेलं होतं म्हणे. ते दर पाडव्याला अर्ज करत. वीस पाडवे झाले, उत्तर आलं नाही. आणि मी? मी दर शनिवारी पलीकडं हजामतीला जायचो, तिकडचा न्हावी हाताचा हलका म्हणून. मी नावेत पाय ठेवला की नाकेदार भिंतीकडं तोंड करून बसत, म्हणजे त्यांनी मला जाताना पाहिलं नाही असं होई. माझ्यासाठी त्यांनी एवढा नियम वाकवला, पण स्वतःसाठी तेवढाही नाही. याचा मला संताप यायचा.

त्यांच्या बायकोला सगळा घाट अक्का म्हणायचा. अक्का मात्र वर्षातून दोन-तीनदा माहेरी जायच्या आणि येताना नवऱ्याच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायच्या. एका धोंड्याच्या महिन्यात त्यांच्या आईनं जावयाचं वाण पाठवलं. अनारसे आणि एक धोतर, चांगलं रेशमी काठाचं. अनारसे शिजवलेलं अन्न म्हणून सुटले. धोतर नवं कापड म्हणून अडकलं. बरं, अडकलं तर अडकलं, जकात भरून सोडवायचं की नाही? पण अंमलदारानं नात्यातल्या माणसाचा माल तपासू नये असाही एक नियम होता. घाटावर दुसरा अंमलदार तर नव्हता. मग या सत्यवचनी माणसानं काय केलं असेल? नमुन्यात लिहिलं: मुसाफिर, बाई एक, अनोळखी. माल, धोतर एक, टोकाला गाठ, गाठीत हळकुंड एक. आणि नमुना बायकोपुढं धरून म्हणाले, अंगठा द्या.

अक्कांनी वाचून घेतला. "अनोळखी" ऐकल्यावर अंगठा मुठीत दाबला, गाठोडं उचललं आणि घरी गेल्या. धोतर कपाटात लाखेचा शिक्का लागून पडलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दुसरा नाका बसला. "अनोळखी माणसाला तपासल्याबिगर आत कामून घेऊ?" असं त्या म्हणाल्या, आणि नाकेदारांना ते पटलं! ते पटलं हेच मला अजून पटत नाही.

बागवानांची गोष्ट राहिलीच. आमचे नमुने उर्दूत छापलेले, छाप फार पुसट. त्यात खालचा एक रकाना सगळे "बागबान कितने" असा वाचत आले होते. बागबान म्हणजे बागवान, आमच्याकडचे फळवाले. सरकारला फळवाल्यांचीच एवढी काळजी का, हे कुणी विचारलं नाही. सरकारला कोण विचारतंय? नाव लागली की नाकेदार विचारत, बागवान किती? कुणी पेरूची पाटी घेऊन उतरला की रकान्यात "एक". आमचा एक म्हातारा बागवान तर छाती काढून सांगायचा, की तेल्याला रकाना न्हाई, कोष्ट्याला न्हाई, सावकाराला न्हाई, सरकारनं रकाना ठेवला तो आमचा.

मी आल्यावर दुसऱ्या वर्षी नव्या छापाचे नमुने आले. अक्षर स्वच्छ. मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला हसू आवरेना. बागबान नव्हतंच ते, बादबान होतं. बादबान म्हणजे शीड. नावेला शिडं किती, असं विचारलं होतं. कुठल्यातरी बंदरावरचा नमुना कुणाच्या तरी हातून आमच्या नदीवर येऊन पोचला होता. आमच्या नावा बांबू रेटून चालणाऱ्या, शीड कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. मी हे नाकेदारांना हसत हसत सांगितलं. दुष्टपणानंच सांगितलं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी चष्मा पुसून नमुना वाचला. मग जुनी रजिस्टरं काढली आणि मांडीवर घेऊन दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. उठताना म्हणाले, "वीस वर्सं सरकारनं मला एक इचारलं आन् मी दुसरंच सांगत ऱ्हायलो."

माझं हसू तिथंच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नमुन्यात बादबानापुढं "नदारद" यायला लागलं. म्हातारा बागवान रुसला, महिनाभर नाक्यावर पेरू ठेवेना. इकडं नाकेदारांच्या डोक्यात शीड शिरलं. प्रत्येक "नदारद" लिहिताना त्यांचा टाक अडायचा. म्हणायचे, सरकार विचारतंय त्याअर्थी जगात कुठंतरी असेलच की, आणि एकदा तरी "एक" असं खरं उत्तर माझ्या घाटावरून गेलं पाहिजे. मी म्हणालो, पेरूवालेच बरे होते.

मग एका दिवाळीनंतर हुकूम आला. नाका उठला. महिनाअखेरीला सूर्यास्ताला बंद. नाकेदारांना आदल्या संध्याकाळीच नोकरीतून मोकळं केलं होतं. शेवटच्या दिवशी कारकुनानं चार्ज घेऊन कागदपत्रं बांधायची. घाटावर आनंदीआनंद झाला. नावाड्यानं नारळ फोडला. मीही मनातल्या मनात कमठाण्याला पोचलो होतो.

नाकेदारांनी हुकूम तीनदा वाचला आणि मला जवळ बोलावलं. "कारकून, नीट ऐका. शेवटच्या दिवशी मी नोकरीत न्हाई. म्हंजे मला परवानगी लागत न्हाई. आन् त्याच दिवशी सांजपतोर नाका हाय. म्हंजे पैल काठ अजून दुसरा मुलूख हाय."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी तो मुलूख ऱ्हायचा न्हाई. मग तिकडं जाणं म्हंजे आडावर जाणं."

एवढंच बोलले, पण कान लाल झाले होते. बाकीचं मला अक्कांनी सांगितलं. त्यांची आई थकली होती, डोळे गेले होते, माणूस हातानं चाचपून ओळखायची. हिवाळा काढेल असं कुणाला वाटत नव्हतं. प्रत्येक वेळी लेकीला एकच विचारायची, जावई माझ्या उंबऱ्याला कधी येणार? वीस वर्षं अक्का काहीतरी सांगून वेळ मारून नेत होत्या. "आता सांगायला काही उरलं न्हाई," म्हणाल्या. हे ऐकलं आणि मला कळलं, आमच्या साहेबांकडं अख्ख्या आयुष्यात एकच दिवस आहे. आणि त्या एकाच दिवसात त्यांना दोन्ही करायचं होतं. सासूबाईंच्या उंबऱ्याला जायचं, आणि जायचं ते शिडाच्या नावेतून. मी म्हणालो, अहो, शिडाचं राहू द्या, बांबूनं नाव पटकन जाते. नावाडीही म्हणाला, "साहेब, शीड कामून? मी हाय की."

"रकान्यासाठी," ते म्हणाले.

दोन दिवस राहिले होते. पहिलं शीड झालं कवदीचं. अक्कांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड कवदी दिली, अंथरायला घ्या नाहीतर नदीत बुडवा म्हणून. नावेत बांबू उभा करून ती बांधली. उत्तरेचा वारा सुटला, कवदी फुगली नाही, बांबूसकट आडवी झाली आणि तिच्याखाली नावाडी गेला. आम्ही त्याला ओढून काढला. तो कानडीत जे बोलला ते मी लिहीत नाही. भिजलेली कवदी घाटावर आणायला चार माणसं लागली.

शिडाला हलकं, लांबरुंद आणि धड कापड हवं होतं. असं कापड अख्ख्या नाक्यात एकच होतं आणि कुठं होतं ते नाकेदारांना, अक्कांना आणि मला चांगलं माहीत होतं. नाका उठताना अडकलेला माल ज्याचा त्यानं अंगठा देऊन न्यावा, असं हुकुमात होतंच. नाकेदारांनी कपाट उघडलं, शिक्का दाखवला, अकरा वर्षांपूर्वीचा नमुना काढला आणि अक्कांना नाक्यावर बोलावून घेतलं. मी बाहेर जायला निघालो तर अक्का म्हणाल्या, थांबा, साक्षीला.

"अंगठा द्या," नाकेदार म्हणाले.

"आधी ते खोडा."

"काय खोडू?"

"तुमाला ठाव हाय."

त्यांनी "अनोळखी" खोडलं. टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग विचारलं, "काय लिहू?"

"मला काय इचारता? वीस वर्सं तुमीच नमुने भरायलाव."

त्यांनी "बायको" लिहिलं. खाडाखोड झाली की बाजूला सही करायची असा नियम होता, म्हणून बाजूला सही केली. अक्कांनी अंगठा एवढा जोरात दाबला की शाई मागच्या कागदावर उमटली. त्या दुपारी नाकेदार उंबऱ्यावर थांबून "एक पानाची चंची" म्हणायला लागले, तेव्हा आतून आवाज आला, "आता काय अक्षत घेऊन बोलवायला येऊ?" तो नाका सरकारी नाक्याच्या एक दिवस आधी उठला.

शेवटच्या दिवशी सकाळी चार्ज माझ्याकडं होता. मी स्वतःला सरहद्द ओलांडायची परवानगी दिली. मला एक क्षण लागला. यावर नाकेदारांनी मला खडसावलं, की अर्ज कुठंय? मी अर्ज लिहिला, मंजूर केला, फायलीला लावला आणि चपराशाला ओट्यावर बसवून नावेत चढलो. अक्का लोणच्याची बरणी आणि शेंगाच्या पोळ्यांचं गाठोडं घेऊन आधीच बसल्या होत्या. धोतराला सुई लावायची नाही अशी त्यांची ताकीद होती. आईनं ते नेसायला दिलंय, म्हणाल्या. म्हणून नुसतं दुहेरी करून बांबूला बांधलं. टोकाची हळकुंडाची गाठ तशीच होती.

वारा आला आणि ते धोतर खरंच फुगलं. नाकेदार उभे राहिले. काळा कोट, हातात टाक-दौत, काखेत कोरा नमुना. एरवी नावाड्याला बांबूनं जेवढा वेळ लागायचा त्याच्या चौपट लागला, कारण नाव वाऱ्याबरोबर तिरकी तिरकी खाली सरकत होती. नावाडी कपाळाला हात लावून बसला होता. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. नाकेदार मात्र समोर बघत होते आणि मधून मधून सांगत होते, की अजून आपलं पाणी, अजून आपलंच. मग मध्यधार ओलांडली तेव्हा त्यांनी पायातले जोडे काढले.

पैल काठावर दारूबंदीचा एक शिपाई असायचा. मुंबई राज्यात दारूबंदी, आमच्याकडं मोकळीक, तेव्हा नावेतून काय येईल याचा नेम नसे. शीड लावलेली नाव त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्याची खात्रीच झाली की फडक्यामागं घागरी लपवल्यात. धावत येऊन त्यानं सगळ्यांना खाली उतरवलं. नाकेदारांचा चेहरा मात्र असा खुलला की काय सांगू. वीस वर्षं त्यांनी लोकांना तपासलं होतं, आज कुणीतरी त्यांना तपासत होतं!

शिपायानं गाठोडं वरवर चाचपलं. "तसं न्हाई," नाकेदार म्हणाले. "तळाला हात घाला. मी असतो तर तळालाच लपवलं असतं." शिपायानं बरणीचं फडकं सोडून वास घेतला आणि लागोपाठ पाच वेळा शिंकला. नाकेदारांनी कोटाचे खिसे आपण होऊन उलटे केले, जोडे झटकून दाखवले, नावेच्या फळ्यांखाली बघितलं नाही म्हणून त्याला बोल लावला. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, जावा की आता." पण ते कसले जातायत? कोरा नमुना काढून त्याच्यापुढं धरला. त्याला उर्दू येत नव्हतं, म्हणून सगळे रकाने यांनीच वाचून दाखवले आणि यांनीच भरले. बादबानाचा रकाना आला तेव्हा त्यांनी बोट वर करून त्याला बांबू दाखवला.

"किती हायत ते तुमी सांगा. मी सांगून चालत न्हाई."

"एकच हाय की," शिपाई म्हणाला.

नाकेदारांनी "एक" लिहिलं. त्या आकड्यावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होते. शिपायानं घाईघाईनं सही ठोकली आणि दूर जाऊन उभा राहिला, न जाणो याला आणखी काही तपासून घ्यायचं असेल.

मग सुरू झाला तो त्या मुलखाचा शोध. अर्धा कोस जायला आम्हाला किती वेळ लागला ते विचारू नका. नाकेदार चार पावलं चालत, थांबत, वाकून माती उचलत. "काळीच हाय," म्हणत, जरा नाराज होऊन. ज्वारीच्या कणसाला हात लावून बघत. एका बाभळीपुढं उभे राहिले आणि हे कोणतं झाड म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, बाभळ हाय, बाभळीला दुसरं काय म्हणू. एक कुत्रं अंगावर आलं, यांनी कानडीत हटकलं तर ते गप बसलं. "इथल्या कुत्र्यांना कानडी येतंय," असं ते मला टिपून घ्यायला सांगायला लागले. अक्का म्हणाल्या, "ते आपल्याच घाटावरचं हाय. पोहून येतंय."

पण हळूहळू त्यांचं विचारणं बदललं. एका आडापाशी ते थांबले. हाच का तो, जिथं तू लहानपणी पडली होतीस? अक्का म्हणाल्या, व्हय. मग चिंच आली. वीस वर्षं लांबून पाहिलेली ती चिंच त्यांनी हात लावून पाहिली, आणि ओट्यावरून दिसायची ती उजवी फांदी कोणती, ते शोधत राहिले. अक्का पुढं चालत होत्या आणि वाटेवरच्या वस्तू एकेक करून दाखवत होत्या. नवा देश होता तो खराच, पण अक्कांच्या लहानपणाचा. हे तिथं मला सुचलं नव्हतं. तिथं मला फक्त भूक लागली होती.

सासूबाई उंबऱ्याच्या आत घोंगडीवर बसल्या होत्या. एवढीशी मूर्ती. नाकेदारांनी उतरवलेलं शीड घडी करून खांद्यावर टाकलं होतं, ते नावेत उडालेल्या पाण्यानं ओलं होतं. उंबऱ्यापाशी येऊन ते सवयीनं थांबले. अक्का आईच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. म्हातारीनं हात पुढं केला. नाकेदार खाली बसले. तिनं त्यांचं कपाळ चाचपलं, चष्मा चाचपला, कोट चाचपला, आणि हात खांद्यावरच्या कापडावर आला. काठावरून बोट फिरवत फिरवत टोकापर्यंत गेली. तिथं गाठ लागली. आतलं हळकुंड दोन बोटांत धरून ती थांबली.

"गाठ सुटली न्हाई अजून," ती म्हणाली. "नेसलाव न्हाई व्हय?"

मी मनात म्हणालो, आज तरी खोटं बोला हो, एकदा बोला. पण तो माणूस कसला बोलतोय.

"जप्त होतं," ते म्हणाले.

"कुणी केलं?"

"मीच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचाच राग आला, की या येड्या माणसासाठी काय रडायचं! मग म्हातारीनं गाठ स्वतःच्या हातानं सोडली, हळकुंड पदराला बांधलं आणि धोतर त्यांच्या हातात दिलं.

"नेसा आता," म्हणाली. "आन् जेवून जावा. लई लांबनं आलाव."

ते आत जाऊन नेसून आले. मी त्यांना पायजम्याशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. वर काळा कोट, खाली ओलं रेशीमकाठी धोतर, पायांच्या काड्या. हसावं असं रूप होतं. कुणी हसलं नाही. म्हातारीनं पुन्हा एकदा काठ चाचपला आणि मानेनंच बरं म्हणाली. आम्ही उठेपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही. ते एका हातानं जेवले. त्यांच्या ताटात पोळ्या पडत राहिल्या आणि ते एकदाही नको म्हणाले नाहीत.

परतताना वारा उलटा होता. तसंही शीड जागेवर नव्हतं. नावाड्यानं बांबू हातात घेतला आणि देवाचे आभार मानले. दिवस टेकायला आला होता. आमच्या घाटाला नाव लागली तशी मी उडी टाकली, कारण चार्ज माझा आणि सूर्यास्ताला कुलूप लावायचं होतं. अक्का उतरल्या. नाकेदार उतरेनात. नावेतच उभे राहिले.

"साहेब, या की."

"नोंद झाल्याबिगर कसं येऊ?"

मी ओट्यावरून रजिस्टर आणलं, नमुना काढला. उरलेला तो शेवटचाच होता. नाखुदाचं नाव लिहिलं. मुसाफिर मला धरून तीन. मी विचारलं, कुठून आलात? या रकान्यात त्यांनी वीस वर्षं "परमुलूख" लिहिलं होतं, कधी चुकूनही गावाचं नाव नाही. त्यांनी मागं वळून चिंचेकडं पाहिलं.

"सासुरवाडीहून," म्हणाले.

मी लिहिलं. पुढचा रकाना बादबानाचा. नावेतला बांबू रिकामा होता. नियमानं नदारद. मी टाक शाईत बुडवला आणि तसाच थांबलो. खरंच सांगतो, माझ्यानं लिहवेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली स्वतःकडं पाहिलं, आणि धोतराचा सोगा नीट खोचून घेतला.

"लिहा, कारकून. एक. नेसलेलं."

मी तसंच लिहिलं आणि खाली सही केली.